उद्या या

आमच्याकडं कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नसतं. उसने पैसे मागितले तर "बघू, एवढा बाजार होऊ द्या", स्थळ पसंत नसलं तर "पोरगी अजून शिकते म्हणते", आणि दारात टॅब घेऊन सर्व्हेवाली बाई उभी राहिली तर "उद्या या". एवढी साधी गोष्ट कळायला मला दोन-तीन वर्षं लागली, आणि मी काही पुण्या-मुंबईहून आलेली नाही, केज तालुक्यातल्याच गावात वाढलेली, माझी आईच दिवसातून चारदा कुणाला ना कुणाला उद्या या म्हणते.

तर २०१९. एमएसडब्ल्यू होऊन वर्ष झालेलं, प्राध्यापकीसाठी लागणारी नेट परीक्षा दोनदा थोडक्यात हुकलेली, घरात स्थळांचे फोन सुरू झालेले, त्यातून सुटका म्हणून मी एका संस्थेच्या सर्व्हेत फील्ड इन्व्हेस्टिगेटर म्हणून लागले. संस्थेचं नाव सांगत नाही, चूक माझी पण तेवढीच आहे. विषय होता ऊसतोड बायकांची पिशवी. गर्भाशय असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही, पिशवी म्हणतात, आणि "पिशवी काढली" हे वाक्य दाढ काढली याच सुरात येतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादम कोयत्यामागं उचल देतो, दसरा-दिवाळीला टोळ्या गाड्या भरून सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर खाली कर्नाटकात जातात, आणि एक दिवस फडात गेलं नाही की खाडा, म्हणजे मजुरी तर गेलीच, वर दंड. पाळीचे चार दिवस, अंगावरून जाणं, पोटात दुखणं, सगळं त्या खाड्याच्या हिशोबात येऊन बसतं. त्या वर्षी विधिमंडळात आकडा आला की बीड जिल्ह्यातल्या ९९ खाजगी दवाखान्यांत तीन वर्षांत ४,६०५ पिशव्या काढल्या गेल्या. मग नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, पाहणी झाली, त्यात ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींत एक. बातमी दिल्लीच्या पुढं गेली आणि मग सगळे आले, टीव्हीवाले, इंग्रजी पेपरवाले, विद्यापीठांतली पोरं, संस्था, मोठ्या लेन्सचा कॅमेरा घेतलेले लोक, आणि त्या रांगेत शेवटी शेवटी मी.

पगार नव्हता, फॉर्ममागं पैसे होते. पूर्ण फॉर्मला दीडशे रुपये, दिवसाला सहा फॉर्मचं टार्गेट. अर्धवट राहिला तर शून्य, बाई नको म्हणली तरी शून्य. ट्रेनिंगला एक दिवस, सकाळच्या सत्रात एथिक्स, एसी हॉलमध्ये आम्ही वीस-बावीस पोरापोरींनी "सहभाग ऐच्छिक आहे, कोणत्याही क्षणी माघार घेता येते" हे वाक्य मोठ्यानं वाचलं, मग जेवण, गुलाबजाम होते, आणि दुपारी टार्गेटची शीट वाटली. सकाळचं आणि दुपारचं एकमेकांच्या उरावर बसलंय हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. नकाराचे पैसेच मिळत नसतील तर पोटासाठी दारोदार फिरणाऱ्या पोरीला नकार ऐकू कसा येणार.

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं एक गाव. तिथली एक बाई, तिशीची असेल. (तिच्याबद्दल खाली जे लिहिलंय त्यातल्या दोन-तीन गोष्टी बदलल्यात, कोणत्या ते विचारू नका.) पहिल्या दिवशी म्हणाली शेळीला बरं नाही, उद्या या. दुसऱ्या दिवशी दळणाचा डबा कमरेवर घेऊन निघालेली, गिरणीला चाललेय, उद्या या. डबा रिकामा होता, ते मी तेव्हाही बघितलं होतं. तिसऱ्या दिवशी काही कारण नाही, नुसतं उद्या या. मी चौथ्या दिवशी सकाळी साडेसहालाच गेले. मला सुपरवायझरनीच शिकवलं होतं की सकाळी जायचं, चुलीपुढं बसलेली बाई उठून जाऊ शकत नाही, तव्यावर भाकरी असते. मला ती आयडिया भारी वाटली होती.

आणि ती बोललीसुद्धा. हे सांगणं गरजेचं आहे कारण लोकांना वाटतं बळजबरी केली की माणूस गप्प बसतो. तसं नाही. आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत तसं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय पण सोडत नाहीत. सासू बाजेवर बसून ऐकत होती, मधेमधे तीच उत्तरं देत होती, लग्नाच्या वेळी वय किती तर सासू म्हणाली अठरा, आणि सुनेनं भाकरी उलटवली. पुढं सासू घागर घेऊन हापशाला गेली तशी ही एकदम खालच्या आवाजात, भराभरा बोलायला लागली. पीठ थापायचा हात चालूच. ऑपरेशनचे पैसे नवऱ्याला सांगितलं मुकादमाकडून वाढीव उचल घेतली म्हणून, पण मुकादमानं दिलेच नव्हते, तिच्या भावानं त्याच्या बायकोची पोत गहाण ठेवून आणून दिले होते, आणि ते दोन्ही घरांत तिसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. मी टाईप करत होते. बॉक्स होता ना तसा फॉर्ममध्ये, "इतर माहिती", त्यात असं काही आलं की सुपरवायझर खुश व्हायचे, "रिच डेटा" म्हणायचे.

शेवटचा प्रश्न झाला, रेंज आली होती म्हणून मी लगेच सेंड दाबलं. तेव्हा ती म्हणाली, "झालं का लिव्हून? मग वाच की, काय काय लिव्हलंस."

आतापर्यंत एकाही बाईनं मला असं म्हणलं नव्हतं. मी आठवेल तसं वाचून दाखवलं. ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि भावाचं आलं तशी म्हणाली, "ते तेवढं काढून टाक बाई."

मी हो म्हणलं. त्या ॲपमध्ये एकदा सेंड केलेला फॉर्म उघडता येत नाही. संध्याकाळी सुपरवायझरला व्हॉट्सॲप केलं की अमुक नंबरच्या फॉर्ममधली एक ओळ काढायची आहे. त्याचं उत्तर आलं, नाव नाहीये ना फॉर्मवर, मग चालतंय. आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं, कारण ओळ काढायला तो म्हणाला असता फॉर्म परत भर, म्हणजे परत तिकडं जा, परत चाळीस रुपये गाडीभाडं.

हे मी त्या वेळी आईला सांगितलं तर आई म्हणाली, "म्हंजी तू बी कपडे मोजायला निघालीस."

कपड्यांची गोष्ट अशी. २००२ ला दारिद्र्यरेषेचा सर्व्हे झाला, तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार मार्क, सगळे मिळून ५२. जमीन किती, घर कसलं, दोन वेळचं खायला मिळतं का, कर्ज कुणाचं, आणि त्यात एक प्रश्न होता की घरात माणशी अंगावर घालायचे कपडे किती. दोनपेक्षा कमी असतील तर शून्य मार्क, दहा किंवा जास्त असतील तर चार, आणि मार्क जितके कमी तितका माणूस गरीब. आमच्या दारात ग्रामसेवक आणि एक गुरुजी आलेले, मी नऊ-दहा वर्षांची, दाराच्या चौकटीला लोंबकळत उभी. आईला विचारलं, पातळं किती. आई म्हणाली, दोन. मी ओरडून म्हणलं, आई पेटीत अजून तीन हायत की, एक तर जरीचं. गुरुजी हसले. आईनं मला मांडीला असा चिमटा काढला की दोन दिवस निळं होतं. आमचं नाव यादीत आलं नाही. आता ते जमिनीमुळं आलं नाही का पत्र्यामुळं का आणखी कशामुळं कुणास ठाऊक, पण आई आजही म्हणते तुझ्यामुळं. पिवळं कार्ड हुकलं ते हिच्या तोंडामुळं, असं ती पाहुण्यांना सांगते आणि वर हसते.

पण तिच्या हसण्याच्या खाली जे आहे ते मी खूप उशिरा बघितलं. एक परका माणूस अंगणात उभा राहून एका बाईला विचारतो तुझी पातळं किती, आणि तिला खोटं बोलायला लागतं, ते पण लेकरासमोर. तिला "हे मी सांगणार नाही" असं म्हणायची सोय नव्हती, कारण त्या कागदावर धान्य होतं. म्हणून जेव्हा मोठमोठे लोक म्हणतात ग्रामीण भागातला डेटा विश्वासार्ह नाही, लोक खोटं बोलतात, तेव्हा मला राग येतो. ज्याला गप्प बसता येत नाही तो दुसरं काय करणार.

हेच शेतकरी आत्महत्येच्या घरांत. पुढं मी दुसऱ्या एका अभ्यासात तसल्या घरांत गेले, थोडेच दिवस, मला झेपलं नाही. त्या घरात आपल्या आधी तलाठी येऊन गेलेला असतो, पोलीस येऊन गेलेले असतात, पत्रकार, पुढारी. मदत एक लाखाची, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार बँकेत ठेव म्हणून, आणि ती मिळायची तर जिल्ह्याची समिती ठरवणार प्रकरण पात्र का अपात्र, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचं का सावकाराचं, तगादा होता का. आता विचार करा, गळ्यात आयकार्ड अडकवून मी विचारते की दारू प्यायचे का, घरात काही वाद होता का. मी शंभरदा सांगितलं की मी सरकारची नाही, माझ्या फॉर्ममुळं तुमचं काही होणार नाही आणि काही बिघडणार पण नाही, तरी ती बाई सासऱ्याकडं बघून तेच सांगणार जे तिनं तहसीलला सांगितलंय. आणि तिनं तसंच सांगावं. मी तिच्या जागी असते तर मीही तेच सांगितलं असतं. किल्लारीकडच्या एका ओळखीच्या मावशी सांगायच्या, ३० सप्टेंबर १९९३ ची ती भूकंपाची पहाट झाली त्यानंतर कितीतरी वर्षं सप्टेंबर लागला की गाड्या यायच्या, आणि सगळे एकच विचारायचे, त्या रात्री काय झालं. तीन वाजून छप्पन मिनिटं. "त्येंला टाईम बी पाठ असायचा, तरी मलाच इचारायचे."

आता मी संभाजीनगरला पीएचडी करते आणि एमएच्या पोरांना मधूनमधून शिकवते. संशोधन नीतीचा धडा आला की पोरं तयार असतात, माणसांवरच्या संशोधनाचे नियम कधी कुठं ठरले ते, न्युरेंबर्ग १९४७, हेलसिंकी १९६४, बेलमॉन्ट १९७९, नेटच्या पेपर एकसाठी पाठ केलेलं. ते सगळं अमेरिका-युरोपात घडलेलं म्हणून आपल्याला त्याचं काही नाही असं वाटत राहतं. मी त्यांना टस्कीगीची गोष्ट जरा सावकाश सांगते. अलाबामा राज्यातली कापसाची जमीन, वाट्यानं कसणारी काळी माणसं, म्हणजे आपल्याकडचे बटईवाले म्हणा. १९३२ ला सरकारच्या आरोग्य खात्यानं ६०० पुरुष निवडले, त्यातले ३९९ सिफिलिसचे रोगी, त्यांना सांगितलं तुमचं रक्त खराब झालंय, उपचार करतो. उपचार करायचेच नव्हते, रोग वाढत वाढत कुठवर जातो ते बघायचं होतं. पेनिसिलीन आलं, सगळ्या जगाला मिळालं, यांना मिळू दिलं नाही. हे चाललं १९७२ पर्यंत, चाळीस वर्षं. आणि त्या माणसांना मिळायचं काय, तर तपासणीच्या दिवशी गरम जेवण आणि मेल्यावर दफनाचा खर्च. मला यातलं दफनाचा खर्च हेच सगळ्यात जास्त लागतं. कुणीतरी टेबलावर बसून बरोब्बर ओळखलं होतं की गरीब माणसाला कशाचा घोर असतो.

आमच्या सर्व्हेत स्टीलचा डबा द्यायचे. त्याच्यावर संस्थेचं स्टिकर.

डबा द्यावा का देऊ नये यावर माझं आणि माझ्या गाईडचं अजून जमत नाही. सर म्हणतात पैसा आला की संमती भ्रष्ट होते. मी म्हणते सर, आपण तिचा पाऊण तास घेतो, तिकडं तिचा मुकादम तिच्या एका दिवसाचा खाडा लावतो आणि इकडं आपण तिच्या वेळेला काहीच किंमत लावत नाही, मग त्या दोघांत बरा कोण. मी आता हजेरीच्या हिशोबानं पैसे देते, आणि ते सुरुवातीला देते, हातात, आणि सांगते की हे तुमचे झाले, आता पहिल्याच प्रश्नाला बस म्हणलात तरी परत घेणार नाही. एका बाईनं खरंच दुसऱ्या प्रश्नाला बस म्हणलं. पैसे कनवटीला लावले आणि गेली. मला इतका आनंद झाला होता, पण सरांना ते खर्चाच्या तक्त्यात कुठं दाखवायचं कळेना.

अंगठ्याचं पण असंच. संमतीपत्रावर सही नाहीतर अंगठा पाहिजे असा नियम, उद्देश चांगला, बाईचं संरक्षण. पण ऊसतोडीच्या घरात अंगठा कुठं कुठं उठलेला असतो ते बघा, उचल घेताना मुकादमाच्या बाँडवर, सावकाराच्या कागदावर, एखाद्या भावकीच्या वाटणीत. अंगठा दिला की काहीतरी जातं, एवढाच तिचा आजवरचा अनुभव. एका बंजारा तांड्यावर मी शाईचा पॅड काढला तशी म्हातारी उठून आतच गेली. आणि कागदावरची भाषा, "मी स्वेच्छेने व कोणत्याही दबावाशिवाय", तांड्यावर घरात गोरमाटी, म्हणजे त्यांची बंजारा बोली, बोलतात, मराठी बाजारापुरती, आणि त्यातही ही असली मराठी तर आमच्या मराठीच्या प्राध्यापकांच्या घरी पण कुणी बोलत नाही. खरं तर तोंडी संमतीला मनाई नाही. आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाची केंद्रीय संस्था, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कमिटीची परवानगी असेल तर साक्षीदारासमोर तोंडी संमती चालते, आणि आपल्या महाराष्ट्रातच मुंबईच्या सेहत संस्थेच्या पुढाकारानं २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नियमावली निघाली होती. पण संस्थांना कागद लागतो, उद्या काही झालं तर दाखवायला. म्हणजे ज्याला आपण तिचं संरक्षण म्हणतो ते असतं आपलं.

त्याच तांड्यावर नायक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, म्हणाले होते, काही काळजी करू नका, सगळ्या बाया देतील मुलाखत, मी सांगतो. आणि आम्ही खुश. २००९ ला खम्मम जिल्ह्यात, तेव्हाच्या आंध्रात, आश्रमशाळेतल्या आदिवासी मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवरची, लस दिली होती एका प्रकल्पात, आणि पुष्कळ फॉर्मवर आईबापांच्या जागी वॉर्डन नाहीतर मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. पुढच्या वर्षी तो थांबवला, २०१३ ला संसदीय समितीनं ताशेरे ओढले. ते वाचताना मला आमचे नायकच आठवत होते, भला माणूस, पांढरा फेटा, मी सांगतो म्हणणारा. मी सांगतो म्हणल्यावर कोणत्या सुनेची हिंमत आहे नको म्हणायची.

आणि टॅब. हे जरा टेक्निकल आहे पण सांगते, कारण यावर कुणी बोलत नाही. पोरं घरी बसून खोटे फॉर्म भरतात म्हणून प्रत्येक फॉर्मसोबत जीपीएस घेतात, म्हणजे कुठल्या दारात उभं राहून भरला ते कळतं. आम्ही नावं काढली, मोबाईल नंबर काढले आणि एक्सेल सगळ्यांना मेल केलं. शेवटच्या दोन कॉलममध्ये अक्षांश-रेखांश तसेच. ते नकाशात टाकलं की थेट घराच्या पत्र्यावर जाऊन टिकली बसते. माझ्या हे दोन महिन्यांनी लक्षात आलं आणि मी कुणालाच सांगितलं नाही, आज पहिल्यांदा लिहितेय. अमेरिकेत लॉड हम्फ्रीज नावाचा एक संशोधक होता, साठच्या दशकात त्यानं सेंट लुईसच्या बागांतल्या संडासांत गुपचूप भेटणाऱ्या पुरुषांचा अभ्यास केला, तो गुन्हा होता तेव्हा, आणि यानं त्यांच्या गाड्यांचे नंबर टिपून घेतले, त्यावरून पत्ते काढले, आणि वर्षभरानं केस-कपडे बदलून आरोग्याचा सर्व्हे आहे म्हणत त्यांच्या घरी, बायकापोरांसमोर जाऊन बसला. त्यानं नावं कुणाला कळू दिली नाहीत, आणि त्या अभ्यासानं त्या माणसांबद्दलचे गैरसमज पण कमी केले असं म्हणतात, म्हणून अजून वाद चालतो बरोबर का चूक. वर्गात मी पण तावातावानं चूक म्हणते. त्याला नंबर टिपायला तरी लागले, आमच्या टॅबनं ते आपोआप केलं.

तर केस स्टडी ४. रिपोर्ट इंग्रजीत आला, चकचकीत, आणि त्याची एक मराठी पुस्तिका पण काढली जिल्ह्यातल्या कार्यशाळेत वाटायला, त्यात चौकटी होत्या. चौथ्या चौकटीत ती होती. नाव बदललेलं, गावाच्या जागी "एक दुर्गम गाव". भाऊ होता, पोत होती. कार्यशाळेला आलेल्या एका बातमीदारानं ती चौकट जशीच्या तशी पेपरात टाकली, मथळा वगैरे देऊन. तिचा फोन मला रात्री नऊला आला, माझा नंबर मीच दिला होता, काही शंका असेल तर विचारा म्हणून.

"ताई, भावाचं छापलं व्हय तुमी?"

"मी नाव कुठंच टाकलं नाही हो."

"नाव कशाला पायजे. पिंपळापशी पत्र्याचं घर, तिन्ही लेकी, मालक टायरगाडीवर. एवढं म्हणल्यावर शेंबडं पोरगं बी सांगतंय कोणाचं घर."

मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. मागं टीव्ही चालू होता. घरात आठ दिवस झाले कुणी बोलत नाही एवढं म्हणाली आणि फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी संस्थेला कळवलं, त्यांनी पीडीएफमधून ती चौकट काढली, छापलेल्या पाचशे प्रतींचं काय करणार. पिंपळ आणि तीन लेकी हे मीच लिहिलं होतं, कारण आम्हाला शिकवलं होतं की वर्णन जिवंत असावं.

महिन्याभरानं मी गेले तिच्या गावाला. काय करायला गेले होते ते मला नीट सांगता येणार नाही, माफी म्हणा, पण पर्समध्ये त्या सुधारलेल्या पीडीएफची प्रिंट होती, म्हणजे दाखवायचं होतं की बघ काढलं. ती अंगणात ज्वारी पाखडत होती. सूप थांबवलं नाही. मी उभी राहिले, म्हणलं बसू का जरा. ती म्हणाली, "उद्या या."

मी परत फिरले. पाणी पण नाही विचारलं तिनं, आणि आमच्याकडं पाणी न विचारणं म्हणजे काय ते इकडच्या माणसाला सांगायला नको.

माझ्या पीएचडीच्या फॉर्ममध्ये कोड आहेत, ८८ म्हणजे माहीत नाही, ९८ म्हणजे नकार, ९९ म्हणजे लागू नाही. त्यात मी ९७ वाढवला, उद्या या. एकदा कुणी तसं म्हणलं की ९७ टाकायचा आणि परत त्या दारात जायचं नाही, पोरींना सक्त ताकीद, आणि पैसे ९७ चे पण तेवढेच जेवढे पूर्ण फॉर्मचे. सर वैतागले, नकाराचं प्रमाण एवढं वाढलं तर सँपलचं काय करणार, आणि आळशी पोरी सगळीकडं ९७ टाकून घरी येतील त्याचं काय. दुसरं खरंच झालं, एकीनं एका दिवसात अकरा ९७ आणले. तिला काढली नाही, पण तिच्यासोबत दोन दिवस फिरले.

एथिक्स कमिटीपुढं मात्र मला वाटलं आता सगळे कौतुक करतील. कमिटीत एक सामान्य माणूस असावा लागतो, म्हणजे डॉक्टर-प्राध्यापक नसलेला. आमच्याकडं ते एक रिटायर्ड हेडमास्तर आहेत परभणीकडचे, मीटिंगभर बहुतेक गप्प असतात, बिस्किटं खातात. सगळ्यांचे प्रश्न झाल्यावर ते म्हणाले, "आणि पोरी, तिला खरंच उद्या वेळ असंल तर?"

मी म्हणलं, म्हणजे?

"म्हंजी एखादीच्या शेळीला खरंच बरं नसंल. ती उद्या वाट बघंल तुझी. तू ९७ लिहून मोकळी. तिचंच ऐकायचं राहिलं की मग."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. खूप विचार करून आता एवढंच केलंय की ९७ टाकला की पोरी दारात एक चिठ्ठी ठेवतात, त्यावर माझा नंबर, बोलावंसं वाटलं तर मिसकॉल द्या, नाही वाटलं तर चिठ्ठी चुलीत घाला. या सीझनला तीस-पस्तीस चिठ्ठ्या गेल्या. चौघींचे मिसकॉल आले. त्यातल्या दोघी बोलल्या, एकीचा फोन लेकरानं खेळताना लागला होता, आणि चौथीला विचारायचं होतं की घरकुलाच्या यादीचं काय झालं.